उज्ज्वला मॅडमचं मोजमाप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्याच्याशी रोज चहा होतो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही माझे कुणी लागता म्हणून नव्हे. उलट — तुम्ही माझे कुणीच नाही, उद्या रस्त्यात समोर आलात तरी मला ओळखणार नाही, म्हणून. आणि एक आधीच सांगून ठेवतो. वाचता वाचता मान हलवून ‘जाऊ द्या हो, माणूस आहे’ असं म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर इथंच थांबा. अशा समजूतदार लोकांची मला चीड येते.

मी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. दर वर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी एक किस्सा सांगतो. प्रोग्राममध्ये कुणी, कधी, कोणता बदल केला याची नोंद ठेवणाऱ्या दोन व्यवस्था — एक गिट, दुसरी मर्क्युरियल. आमच्या लातूरच्या ऑफिसात एकदा दोघींची शर्यत लावली होती. मालकांच्या हातात स्टॉपवॉच. गिटला लागलं एक मिनिट दहा सेकंद, मर्क्युरियलला तीन मिनिटं पन्नास. पोरं हसतात. मग मी म्हणतो, ‘आणि एक मॅडम होत्या, त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या की दोन्ही सारखंच चालतं.’ पोरं आणखी हसतात. हे मी अनेक वर्षं करतोय. का करतो? हसू येतं म्हणून? नाही. पुन्हा पुन्हा सांगितलं की आपल्यालाच ते खरं वाटायला लागतं, म्हणून.

आकडे खोटे नाहीत, बरं का. स्टॉपवॉचवर तेच दिसले होते, चार लोकांनी पाहिले होते. खोटं काय होतं ते सांगायलाच बसलोय — पण थांबा, आधी धंदा काय होता ते कळायला हवं.

लातूरला क्लासेसच्या सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासणारा प्रोग्राम आम्ही करत होतो. पोरांनी गोल काळे करायचे, कागद स्कॅन व्हायचा, आमचा प्रोग्राम ते गोल वाचून मार्क द्यायचा आणि क्रमवारीची यादी जिन्यापाशी लागायची. त्या यादीपुढं उभे असलेले आईबाप मी रोज पाहायचो. मोठे सर — म्हणजे क्लासचे आणि आमच्या कंपनीचेही मालक — त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींचा नंबर लावायची सवय. पोरांचा, मास्तरांचा, चहावाल्यांचासुद्धा. आमची दोन ऑफिसं होती. लातूरचं क्लासच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, ते माझ्याकडं. नांदेडचं दोन खोल्यांचं, ते उज्ज्वला मॅडमकडं. प्रोग्राम एकच, लिहिणारे दोन्हीकडं.

उज्ज्वला मॅडम मूळच्या बिलोलीकडच्या, लग्न होऊन नांदेडात आलेल्या. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, एक लहान मुलगी, घरात सासू. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी किल्लारीजवळच्या खेड्यातला, जीपच्या टपाला लटकून कॉलेज केलेला माणूस — मला वाटायचं, मी ज्या कष्टानं इथवर आलो तेवढे हिनं काढलेच नसतील. हे मी कधी विचारलं होतं का तिला? नाही. विचारायची गरजच वाटली नाही.

तेव्हा आमच्याकडं इंटरनेट असून नसल्यासारखं होतं. प्रोग्रामसोबत नमुन्याच्या उत्तरपत्रिकांचे फोटो असायचे, ते पाठवायला बसलं की अर्धा दिवस जायचा. म्हणून आम्ही दिवसभराचे बदल पेनड्राइव्हवर घ्यायचो, कागदात गुंडाळायचो, वर रबर लावायचो आणि लातूर-नांदेड बसच्या कंडक्टरकडं द्यायचो. ‘मामा, स्टँडवर आमचा माणूस येतो घ्यायला.’ मामांनी तो तिकिटांच्या पेटीत ठेवायचा. पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की ते पोट धरून हसायचे. पण ती व्यवस्था बिनचूक चालायची, कारण उज्ज्वला मॅडमनी सगळं मर्क्युरियलवर बसवलं होतं. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण प्रोग्राम, त्याच्या सगळ्या जुन्या इतिहासासकट असतो. आपापल्या जागी काम करा, बसनं आलेले बदल आपल्यात मिसळून घ्या, कुणाचं कुणावाचून अडत नाही. मला तिनंच शिकवलं. त्याआधी माझ्या संगणकावर ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘फायनल’ आणि ‘फायनल खरंच’ अशा नावांची फोल्डरं होती. ती बघून ती हसली नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं. हसणाऱ्यांशी भांडता येतं.

आता रागाचं मूळ. अशा व्यवस्थेत प्रत्येक बदलासमोर नाव राहतं, तारीख राहते. एकदा माझ्या हातून मोठी चूक झाली — पोरांनी कोरे सोडलेले गोल प्रोग्राम चुकीचं उत्तर म्हणून मोजायला लागला आणि त्याचे मार्क कापायला लागला. यादी लागायच्या आदल्या दिवशी तिच्या ते ध्यानात आलं. तिनं दुरुस्त केलं, बसनं पाठवलं आणि फोन केला. ‘सर, कोऱ्या गोलांचे मार्क कटून राहिले होते. मी केलं नीट. मोठ्या सरांला सांगायची काही गरज न्हाई.’

झालं. एवढंच. तुम्ही म्हणाल, किती चांगली बाई! हो ना. मलाही ते दिसत होतं. म्हणूनच ते सहन होत नव्हतं. तिनं सरांना सांगितलं असतं, मला शिव्या बसल्या असत्या, हिशेब मिटला असता. पण तिनं झाकलं — आणि व्यवस्थेत मात्र ओळ राहिली. माझं नाव, माझी चूक, खाली तिचं नाव, तिची दुरुस्ती. अशा ओळी मग वाढत गेल्या. तिनं एकदाही चढा शब्द वापरला नाही. मी एकटा असलो की त्या ओळी वर-खाली करून वाचायचो. माणूस तोंडातल्या दुखऱ्या दाताला जीभ लावून बघतो ना, तसं.

गिटचं नाव मी तेव्हाच घ्यायला लागलो. मोठ्या कंपन्या वापरतात, तेच जास्त वेगवान आहे, असं मी मोठ्या सरांच्या कानावर घालत राहिलो. मला खात्री होती? थोडी. इंटरनेटवर वाचलं होतं. पण खरी गोष्ट वेगळीच होती. नवी व्यवस्था आणली की कोरी सुरुवात करायची, जुना इतिहास सोबत न्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तांत्रिक कारणं तयार होती माझ्याकडं, विचारणारं कुणी नव्हतं. त्या ओळी जाणार होत्या. बस्स.

सरांनी एकच विचारलं, ‘फास्ट कोणतं?’ मी म्हणालो गिट. त्यांनी मॅडमना फोनवर विचारलं. ती म्हणाली, ‘हाव, मोजू की सर. मोजल्याबिगर कसं सांगावं?’ ती खूशच झाली होती, आवाजावरून कळलं. मोजायचं म्हटलं की तिला आनंद व्हायचा. मग सरांनी त्यांचं ते नेहमीचं नंबर लावायचं काढलं. दोन ऑफिसं परवडत नाहीत, म्हणाले, एकच ठेवायचं. ज्याची व्यवस्था पहिली येईल, त्याचं ऑफिस राहील, तोच प्रमुख. दुसऱ्यानं आपली माणसं घेऊन तिकडं जायचं. शर्यत लातूरला, माझ्या टेबलावरच्या संगणकावर, शनिवारी सकाळी दहाला.

मी हरलो असतो तर काय झालं असतं? नांदेडला खोली घेऊन राहिलो असतो. सडा माणूस होतो तेव्हा, दोन बॅगांत सगळा संसार. ती हरली तर? नवऱ्याची नोकरी नांदेडात, मुलगी लहान, सासूचे गुडघे दुखणारे. ती लातूरला येऊच शकत नव्हती. हे मला ठाऊक होतं. पूर्ण ठाऊक होतं, असं लिहून ठेवा.

शर्यतीला ती स्वतः येणार होती. पण मुलीला कांजण्या निघाल्या आणि सासू माहूरला देवीला गेलेली — पोरीजवळ थांबायला कुणी नाही. तिनं फोन केला. ‘सर, माझ्या बाजूचं पण तुम्हीच चालवा. तुमच्यावर सोडून राहिले मी.’ मी म्हणालो, ‘तुम्ही निश्चिंत राहा मॅडम.’ हे शब्द आजही माझ्याच आवाजात ऐकू येतात.

शुक्रवारी संध्याकाळच्या बसनं पेनड्राइव्ह आला. स्टँडवर मीच गेलो होतो. कंडक्टरनं पेटीतून काढून दिला. रबर काढलं तर आतल्या बाजूनं चिठ्ठी होती, तिच्या बारीक सरळ अक्षरात. आधी दोन्ही एकेकदा चालवून घ्या आणि मगच मोजा, कारण पहिल्या वेळी संगणक सगळं डिस्कवरून वाचतो, दुसऱ्या वेळी त्याच्या ते ध्यानात असतं, मग लवकर होतं. अँटीव्हायरस दोघांसाठीही बंद ठेवा, तो चालू असला की एकेक फाइल तपासत बसतो. तीन-तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. खाली लिहिलं होतं, ‘म्हणजे तुमच्यावर पण अन्याय नको.’

तुमच्यावर पण. तिला काळजी कुणाची होती ते बघा.

मी ऑफिसात गेलो आणि तिनं लिहिलंय तसंच सगळं केलं. खोटं नाही सांगत, त्या वेळेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. प्रोग्रामची इतिहासासकट पूर्ण नवी प्रत काढायला किती वेळ लागतो, ते मोजायचं होतं. शर्यतीपुरता तो इतिहास मी गिटमध्येही उतरवून घेतला होता. तीन-तीनदा मोजलं. जवळजवळ सारखंच. पहिल्या वेळी गिट दोन सेकंद पुढं. पुढच्या दोन्ही वेळा मर्क्युरियल चार-पाच सेकंद पुढं. आमच्या त्या जुन्या विंडोज मशीनवर तरी असंच होतं, बाकी जगाचं मला माहीत नाही. चार सेकंदांत कुणाचं काय बिघडतं? काहीच नाही. पण मोठ्या सरांकडं पहिला आणि दुसरा एवढंच असतं. चार सेकंदांनी मी तिच्या हाताखाली गेलो असतो. आणि त्या ओळी तशाच राहिल्या असत्या.

मी चिठ्ठी पुन्हा उघडली. या वेळी ती उलटी वाचली. मला ठाऊकच नव्हतं हो या गोष्टी! पहिल्यांदा चालवताना वेळ लागतो, अँटीव्हायरसनं गती मरते — हे तिनं मला सांगितलं. चोराला किल्ली कुठं आहे ते घरमालकिणीनं लिहून पाठवलं, आणि खाली पुन्हा त्याची विचारपूस केली. चिठ्ठीचे मी बारीक तुकडे केले आणि बेसिनमध्ये पाणी सोडून घालवले.

शनिवारी साडेनऊला मी संगणक बंद करून पुन्हा चालू केला, म्हणजे त्याच्या ध्यानात काही उरलं नाही. मग गिटची प्रत एकदा काढली आणि पुसून टाकली. अँटीव्हायरसला सांगितलं, गिटच्या फोल्डरकडं बघू नकोस. मर्क्युरियलच्या फोल्डरला हातही लावला नाही. दहा वाजता सर आले, क्लासमधलं स्टॉपवॉच घेऊन. ऑफिसातले चौघं मागं उभे. गिट — एक मिनिट दहा. मर्क्युरियल सुरू केलं आणि मी खुर्चीत मागं टेकून बसलो. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सरकता सरकेना. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी हसलं. तिसऱ्या मिनिटाला सर म्हणाले, ‘अरे, हे काय हाय? बैलगाडी हाय का?’ सगळे हसले. मी हसलो नाही, एवढी अक्कल मला होती. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, ‘मॅडमनी मेहनत लई घेतली सर, पण काय करणार.’

आता तुम्हाला वाटेल, कबुली संपली. फसवून जिंकला, लाज वाटते, विषय संपला. एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. फसवून जिंकणारे ढिगानं आहेत, मी त्यातला एक, रात्री झोप लागते मला. जे सांगायचं ते पुढंच आहे आणि मी दोन पानं त्याच्याभोवतीच फिरतोय.

पंधरा दिवसांनी नांदेडचं ऑफिस उचलायला मी टेम्पो घेऊन गेलो. तिनं राजीनामा दिलेला होता. संगणक पुसून ठेवलेले, वायरी गुंडाळून प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. मुलीच्या गालावर कांजण्यांचे डाग, ती कोपऱ्यात कागदावर काहीतरी रंगवत बसलेली. मॅडमनी माझ्यापुढं एक वही ठेवली. त्यात आकडे होते. शर्यतीनंतर तिनं तिच्या मशीनवर पुन्हा मोजलं होतं. रोज, दहा दिवस. गिट शिकून घेतलं होतं त्यासाठी, एकटीनं. प्रत्येक ओळीत दोन आकडे, आणि ते सारखे. चार सेकंद इकडं, तीन सेकंद तिकडं.

ती भांडत नव्हती. आरोप करायला वही आणली नव्हती तिनं — हे समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. तिला खरंच कळत नव्हतं. ती म्हणाली, ‘सर, माझ्याकडं तर बरोबरीनं चालून राहिलंय. तुमच्याकडं एवढा फरक आला म्हणजे माझंच कुठंतरी चुकून राहिलं. पण कुठं, ते सापडना. तुम्ही बघता का?’ चिठ्ठीचं तिनं विचारलंसुद्धा नाही. मी ती वाचली, तसंच केलं, हे तिनं धरूनच चाललेलं.

मी वही घेतली. पानं उलटली. उलटता उलटता वेळ होता माझ्याकडं — एक वाक्य बोलायला कितीसा लागतो? तेवढ्यानं ऑफिस वाचलं असतं की नाही, माहीत नाही. सर ऐकले असते की नाही, माहीत नाही. पण ते वाक्य तिच्यासाठी होतं, सरांसाठी नाही. ते मी बोललो नाही. जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. ‘मॅडम, राग मानू नका. तुम्हाला मोजताच येत नाही. हे काम तुमच्या आवाक्यातलं नाही.’

माझ्या आवाजात समजावणी होती. मोठ्या भावानं सांगावं तशी. दहा दिवसांचे खरे आकडे हातात धरून मी हे म्हणालो. आणि म्हणताना मला बरं वाटलं — हे तर मी स्वतःलाही आजवर नीट सांगितलं नव्हतं. शर्यत जिंकल्यावर वाटलं नव्हतं तेवढं बरं वाटलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. ती एवढंच म्हणाली, ‘हाव सर. असंल.’ वही तिनं परत घेतली नाही. टेम्पोत सामान चढवेपर्यंत ती मुलीजवळ बसून राहिली.

भीतीनं बोललो म्हणावं, तर ती मला पकडायला आलीच नव्हती. गरज होती म्हणावं, तर मी जिंकून बसलो होतो. मग का? मला तिची ती खात्री नको होती. ती मोजायची आणि मोजलेल्यावर विश्वास ठेवायची, तेवढंच मला तिच्यातून काढून घ्यायचं होतं. घेतलं.

लातूरचं ऑफिसही पुढं दोन वर्षांत बंद पडलं. मी एमटेक केलं, नांदेडला कॉलेजात लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. उज्ज्वला मॅडम याच गावात आहेत हे ठाऊक होतं, पण पाच-सहा लाखांच्या गावात माणूस टाळायचा म्हटला तर टाळता येतो.

मागच्या जूनमध्ये मुलीच्या शाळेसाठी डोमिसाईल दाखला हवा होता. असे अर्ज लोक सेवा केंद्रातूनच भरून घेतात. बायकोनं सांगितलेल्या केंद्रात गेलो तर काउंटरमागं त्या. केस थोडे पांढरे झालेले, चष्मा लागलेला. मला पाहून उभ्या राहिल्या. ‘दिलीप सर! बसा की.’ मनापासून. चहा मागवला. बाजूच्या बाईला सांगितलं, हे आमचे सर, लई हुशार माणूस. मी प्रोग्रामिंगचं विचारलं. कशासाठी विचारलं, देव जाणे. त्या म्हणाल्या, ‘सोडलं मी ते तेव्हाच. तुम्ही तोंडावर सांगितलं ते बरं केलं. दुसरा कुणी सांगितला नसता.’

त्यांनी माझा अर्ज भरला. मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक. बोटं अजून तशीच चालतात, न बघता. भरून झाल्यावर त्यांनी तो सादर केला नाही. स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि एक पट्टी माझ्या हातात दिली. लाकडी, शाळेतली, तिथं त्याच कामासाठी ठेवलेली. ‘सर, एकेका ओळीवर पट्टी धरून बघून घ्या. मी सगळ्यांलाच बघायला लावते. माझ्यावर भरवसा ठेवू नका, माझ्या नजरेतून सुटतं.’

मी पट्टी धरली. एकेक ओळ वाचली. सगळं वाचायला पाच मिनिटं लागली असतील, त्या बाजूला उभ्या होत्या, परीक्षेत पेपर देऊन उभं राहावं तशा.

एकही चूक नव्हती. मी ‘चालतंय’ म्हणालो, पावती घेतली आणि निघून आलो.